खोक्यासारखं विमान

माझ्या थोरल्या भावावरचा एक राग मी अजून सोडलेला नाही. तो हैदराबादेहून माझ्या पैशानं चुकीचं विमान घेऊन आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. नातेवाईक म्हणतात, एका खेळण्यावरून एवढं काय धरून बसायचं. मी दर वेळी त्यांना सांगते की ते खेळणं नव्हतं.

तेव्हा मी परभणीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरात राहायचो. दादा परभणीला पाटबंधारे खात्यात कारकून होता. नामांतराचे दिवस होते. मोर्चे, बंद, कुठल्या गावात काय झालं त्याच्या बातम्या. आमच्या वस्तीतली माणसं संध्याकाळी बाजेवर बसून दुसरं काही बोलतच नसत.

विमानाचं वेड मला कॉलेजात लागलं. मी मामाकडं राहून हैदराबादेत शिकले. तिथं एन.सी.सी.च्या हवाई तुकडीत आम्हा मुलींना विमानांची मॉडेलं उडवायला मिळायची. दोन तारांच्या टोकाला बांधलेलं छोट्या इंजिनाचं विमान. आपण मधोमध उभं राहून गरगर फिरायचं आणि ते आपल्याभोवती घिरट्या घालणार. मजा यायची, पण दाव्याला बांधलेल्या वासराचं कौतुक किती दिवस करायचं? मला बिनतारेचं विमान हवं होतं. हातात रेडिओचा डबा, त्याच्या दोन दांड्या, आणि वर मोकळं आभाळ.

नोकरी लागल्यावर घरात देऊन जे उरायचं त्यातून दीड वर्ष मी बाजूला टाकत गेले. रजा मिळाली की हैदराबाद गाठायचं आणि जुन्या शहरातल्या एका बोळात उस्तादांच्या दुकानात जाऊन बसायचं. उस्ताद हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी मॉडेल विमानांचं हे एका खोलीचं दुकान काढलं होतं. छताला विमानं टांगलेली, खाली एरंडेलाचा वास. इंजिनाचं इंधन ते स्वतःच मिसळायचे, मिथेनॉल, एरंडेल तेल आणि नायट्रो नावाचं एक महागडं रसायन. मी नायट्रो किती घालायचं म्हणून विचारलं तेव्हा ते हसले. "सीखने कू जरासा बस है, बेटी. जादा डाले तो इंजन नाचता, और साथ में पैसा बी."

निवड करायला मला तीन फेऱ्या लागल्या. पैसे मोजके होते आणि दुसऱ्यांदा जमणार नव्हते, त्यामुळे चुकायची सोय नव्हती. आधी मला लांब पंखांचं, अगदी लहान इंजिनाचं विमान स्वस्त म्हणून आवडलं. पण ते इतकं हलकं की पूर्णेचा दुपारचा वारा त्याला नदीपार नेऊन टाकेल, असं उस्तादच म्हणाले. मग छताला टांगलेलं एक चंदेरी विमान होतं, लढाऊ विमानासारखं, पंख पोटाखाली, नाक लाल. त्याच्याकडं मी बराच वेळ बघत राहिले हे कबूल करते. उस्तादांनी माझी नजर पाहिली आणि काठीनं दुसरीकडं दाखवलं.

"पैला जहाज शरीफ होना. हसीन नक्को."

काठी दाखवत होती त्या फळीवर एक पुठ्ठ्याची पेटी होती. आत बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, नकाशा आणि तीन चाकं. जोडल्यावर ते विमान खोक्याला पंख लावल्यासारखं दिसणार होतं. पण पंख अंगाच्या वर होता आणि दोन्ही टोकांना किंचित उचललेला. दांड्या सोडून हात वर केले तरी ते आपणहून सरळ होतं, उस्तादांनी मला हातावर तोलून समजावलं. उडतंही सावकाश. नवख्याच्या चुका पोटात घालणारं विमान. इंजिन देशी, जरा खडबडीत, पण त्याचे भाग मिळत. रेडिओचा संच नवा घ्यायची ऐपत नव्हती. दुबईला निघालेल्या एका माणसाचा विमानाचे चार भाग हलवणारा जुना संच उस्तादांनी माझ्यासाठी थांबवून ठेवला. सगळं बसत होतं. माझ्या पैशात, माझ्या मैदानात आणि माझ्या अकलेत.

परवाना काढायचा राहिला होता. त्या काळी असल्या रेडिओलासुद्धा सरकारी परवाना लागे आणि त्यासाठी घरी पोलीस चौकशीला येई. आमच्याकडं आला तो जमादार दारातच उभा राहिला. वस्तीकडं एकदा पाहिलं, माझ्या अर्जाकडं पाहिलं.

"वायरलेस कशाला पायजे? कुणाला निरोप धाडायचेत तुमच्या लोकांना?"

"विमान उडवायचंय," मी म्हणाले. "आणि निरोप धाडायचा असेल तर मी रोज आठ तास टेलिफोन बोर्डावरच बसते."

अप्पांनी मला आत जायला सांगितलं आणि त्याला चहा पाजला. परवाना मिळाला. चहा पाजल्याबद्दल मी अप्पांशी दोन दिवस नीट बोलले नाही.

मार्चमध्ये सगळा माल तयार झाला आणि नेमकी तेव्हाच एक्सचेंजात रजा बंद झाली. आंदोलनाचे दिवस, ट्रंक लाइनींवर गर्दी, कुणालाच सोडत नव्हते. दादा खात्याच्या कामासाठी हैदराबादला निघाला होता. तोच म्हणाला, "दे की पैसे. मी आणतो."

मी त्याला सगळं कागदावर लिहून दिलं. कोणती पेटी, कोणतं इंजिन, कोणाचा रेडिओ, इंधन किती. शेवटी इंजिन सुरू कसं करायचं तेसुद्धा लिहिलं, कारण उस्ताद सामान देताना ते पाठ आहे का म्हणून विचारतात. दादानं कागद घडी करून खिशात घातला.

चौथ्या दिवशी तो स्टेशनवरून सायकल रिक्षात आला. मागं दोन पोरं धावत होती. रिक्षात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबच लांब होतं. पेटी नव्हती. चादर सोडली आणि मला लाल नाक दिसलं.

माय, आमची आई, हात पुसत बाहेर आली. दादाचा चेहरा नुसता फुलला होता.

"बग! तयार हाय. जोडायची भानगड न्हाई. कुण्या डॉक्टरच्या पोराचं हाय, दुकानाच्या दारातच इकायला उभा व्हता. इंजिन तुझ्या इंजिनाच्या दीडपट! रेडिओसकट सगळं तेवढ्याच पैशात."

"उस्ताद काय म्हणाले?"

"म्हातारं बडबड कराय लागलं. त्याचा माल खपला न्हाई ना."

"मी पेटी सांगितली होती."

"अगं ती पेटी पाह्यली मी. कंपासपेटीला पंख लावल्यावानी! आपल्या वस्तीतून पैल्यांदा कायतरी वर जायलंय आन् ते असलं खोकं? लोकं हसले आस्ते. पैलं ते कामून वंगाळ दिसावं?"

त्याचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. कचेरीत त्याच्या पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, हे त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं, मला त्याच्या सोबतच्या एकाकडून कळलं होतं. देखण्या, चकचकीत गोष्टीची त्याला भूक होती. पण ती त्यानं माझ्या दीड वर्षावर भागवली. मला विचारलं नाही. कागद खिशातून काढलासुद्धा नाही. पँट धुवायला काढली तेव्हा तो तसाच घडी घातलेला मिळाला.

मी विमान उलटं केलं. पोटाखाली, पंख जिथं अंगाला जोडतो तिथं, चंदेरी कापडाला एक सुरकुती होती. अंगठ्यानं दाबलं तर आतून करकर वाजलं. लाकूड तडकलेलं होतं आणि वरून नवं कापड इस्त्रीनं चिकटवलं होतं. डॉक्टरच्या पोरानं विमान एकदा आपटलं होतं आणि पैसेवाल्याच्या घाईनं विकून टाकलं होतं.

"हे उडणार नाही," मी म्हणाले.

"उडवायचंच हाय," दादा म्हणाला. "मी समितीला सांगून आलोय."

समिती म्हणजे वस्तीची जयंती समिती. जयंती तोंडावर आली होती. आमच्याकडं नुसतं जयंती म्हटलं की एकच, एप्रिलातली. दादा स्टेशनवरून घरी यायच्या आधी समितीच्या मंडपात थांबला होता, चादर तिथंच सोडून दाखवली होती, आणि मिरवणुकीवर विमानातून फुलं पडतील असं सांगून मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी रिक्षावर कर्णा बांधून गावभर पुकारा सुरू झाला. "विमानातून पुष्पवृष्टी!" मी कामावरून परतताना स्टेशनबाहेर ते ऐकलं.

त्या संध्याकाळी समितीचे अध्यक्ष घरी आले. अप्पांच्याच शेडमधले मुकादम, आम्ही त्यांना काका म्हणायचो. चांगला माणूस. दोन वेळा लाठ्या खाल्लेला. ते बाजेवर बसले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तू तेवढं उडव. एक चक्कर. इज्जतीचा सवाल हाय आता."

"काका, मी रेडिओचं विमान आजवर उडवलेलं नाही. शिकावं लागतं. हे विमान शिकायचं नाही आणि त्याचा पंख तडकलेला आहे."

"जरा डिंकानं चिकटव की."

"दोन-अडीच किलोचं धूड आहे, पुढं पंखा फिरतोय, विळ्यापेक्षा धारदार. खाली पोरंसोरं, बायका. पडलं तर इज्जत कुठं शोधायची?"

दादा भिंतीला टेकून उभा होता. "भ्या वाटायलंय म्हणून सांग ना सरळ."

मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं. खरंच. मी अप्पांकडं पाहिलं. एवढी वर्षं इंजिनाखाली घातलेला माणूस. तडकलेला भाग गाडीला लावत नाहीत हे त्यांना मी सांगायला हवं होतं? अप्पा तंबाखू मळत राहिले. काकांपुढं त्यांना मुलाला खोटं पाडायचं नव्हतं. मुलीचं काय झालं तरी चालत होतं.

सगळ्या घरात एक मायच बोलली. दारात उभी राहून तिनं विचारलं, "वर तर जातंय. पर ते खाली कसं येतंय?"

मी म्हणाले, "तेच शिकायला सहा महिने लागतात, माय."

"मंग सा महिन्यानं उडवा," माय म्हणाली आणि आत गेली.

काका उठले. "बग बाई तू," एवढंच म्हणाले. पुकारा काही बंद झाला नाही.

त्यानंतर आठ दिवस मी दादाशी बोलले नाही. एकाच गाडीनं परभणीला जायचो, वेगवेगळ्या डब्यात बसायचो. घरात तो आणि त्याचा एक मित्र विमान ओसरीत घेऊन बसत, टाकीत इंधन भरत, काढत. तड्यावर त्यांनी डिंक सोडला आणि वरून फडकं चिकटवलं. मी ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायची.

एकदा, जयंतीच्या तीन दिवस आधी, माय आत आली.

"दादा विचारायलाय, ती बॅटरीची क्लिप कवा काढायची आन् कशी."

या इंजिनाला सुरू होताना वरच्या प्लगला दीड व्होल्टच्या सेलची वायर चिमट्यानं लावतात. इंजिन नीट चालू झालं की तो चिमटा काढायचा. हात कायम मागच्या बाजूनं न्यायचा, फिरत्या पंख्यावरून कधीही नाही. मला हे एन.सी.सी.त पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मी ते कागदावर लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

मी मायला म्हणाले, "त्याला सांग, कागदावर लिहिलं होतं. वाचायचं होतं."

माय गेली. बाहेर तिनं त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. कागद तोवर कपड्यांबरोबर भिजून लगदा झाला होता आणि हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. नऊच्या सुमारास पूर्णेच्या लाइनीचा दिवा लागला. लाइटनिंग कॉल. म्हणजे आठपट पैसे भरून बाकी सगळ्यांच्या आधी लावायचा कॉल. तो कुणी मेल्याशिवाय किंवा मरायला टेकल्याशिवाय कुणी करत नाही. मी कॉर्ड खुपसली. पूर्णेच्या रेल्वे दवाखान्यातला कंपाउंडर होता, आवाज ओळखीचा. त्याला माझा ओळखू आला नाही.

"सिव्हिल हॉस्पिटल द्या, लवकर."

मी सिव्हिलची लाइन जोडली. नियमानं तिथून बाजूला व्हायचं असतं. मी झाले नाही.

"एक पेशंट पाठवायलोय मालगाडीच्या गार्डासंगं," तो सिव्हिलच्या माणसाला सांगत होता. "उजवा हात. दोन बोटं, हाड उघडं पडलंय. न्हाई न्हाई, मशीन न्हाई. ते खेळायचं विमान. पाटबंधाऱ्यातला क्लार्क हाय."

मी कॉर्ड धरून बसले. कॉल संपला, दिवा विझला, मी कॉर्ड काढली, वेळ लिहिली, पुढचा दिवा लागला तो घेतला. नांदेड. मग जिंतूर. सुपरवायझर बाई मला नंतर म्हणाल्या की माझ्या आवाजात काहीच फरक नव्हता. बदली मिळेपर्यंत चाळीस मिनिटं मी लोकांचे कॉल जोडत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, की मी सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. दादा आणि मित्र सकाळीच क्वार्टरांमागच्या मैदानावर सराव करायला गेले. मित्रानं शेपूट धरली, दादानं पंखा हातानं फिरवून इंजिन चालू केलं. इंजिन मोठं, एकदम धडाडलं. दादानं चिमटा काढायला हात पुढून नेला.

मधल्या बोटाचं पेर गेलं. तर्जनीची शीर तुटली, ते बोट पुढं कधी वाकलं नाही. कारकुनाचा उजवा हात. सिव्हिलच्या वऱ्हांड्यात आम्ही सगळे बसलो होतो आणि अप्पांची बहीण, आमची आत्या, मोठ्यानं म्हणाली, "हिनं उडवलं आस्तं तर पोराला जावं लागलं आस्तं का? हिचंच येड ते!"

काकांनी मान हलवली. अप्पांनीही. मी इतकी भडकले की सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं बोलले. पेटी मी सांगितली होती. हे विमान मी आणलं नाही. पुकारा मी केला नाही. पंख तडकलाय हे मी सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा तुम्ही तंबाखू मळत होतात. एक नर्स धावत आली आणि तिनं मलाच बाहेर काढलं. बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन मी तोंड पुसलं. मी बोलले ते सगळं खरं होतं आणि पुरं नव्हतं.

जयंतीच्या दिवशी कर्ण्यावरून सांगितलं गेलं की तांत्रिक कारणामुळे पुष्पवृष्टी होणार नाही. मी आणि माय पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीत चाललो. मागून कुणीतरी "विमानवाली, विमानवाली" म्हणून ओरडलं. मायनं मागं न बघता माझा दंड घट्ट धरला.

रजा पुन्हा मिळायला लागल्यावर मी ते चंदेरी विमान चादरीत बांधून एकटी हैदराबादला गेले. उस्तादांनी दादाच्या हाताचं ऐकलं आणि म्हणाले, "मैं उनो कू बोला था. लिख के बी दिया था." म्हणजे त्यांनीही कागद दिला होता! आमच्या घरात कागद वाचायची पद्धत नाही, असं मी म्हणाले आणि रडले. मोठं इंजिन आणि रेडिओ त्यांनी ठेवून घेतला, विमानाचे पंख मोडून लाकूड वेगळं केलं, आणि मला ती पेटी, देशी इंजिन आणि दुबईवाल्याचा संच दिला. तो संच त्यांनी अजून विकला नव्हता.

मे महिनाभर मी ओसरीत ते विमान जोडलं. दादा रजेवर घरीच होता, हात गळ्यात बांधलेला. सुरुवातीला तो माझ्याकडं पाठ करून बसे. मग एक दिवस पंखाची फासळी चिकटेना, दोन हात पुरेनात, तेव्हा त्यानं डाव्या हातानं ती दाबून धरली. मी नको म्हणाले नाही. डिंक वाळेपर्यंत दोघं तसेच बसलो. तेव्हा मी बोलले.

"मायला तू विचारायला लावलंस ना, चिमटा कसा काढायचा. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

तो फासळीकडंच बघत होता. "सांगितलं आस्तंस तर मी ऐकलं आस्तं का?"

त्यानं ते माझी समजूत घालायला म्हटलं होतं. पण मला पुन्हा तसाच राग आला, त्या आठ दिवसांतल्यासारखा ताजा. म्हणजे मी बोलले नाही तरी तेच, बोलले असते तरी तेच? मग माझ्या बोलण्याला या घरात किंमत तरी काय होती? मी त्याला म्हणाले, "ऐकलं असतंस. आणि नसतं ऐकलंस तरी मी सांगायला हवं होतं. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी." डिंक वाळला.

पावसाळ्यानंतर मी महिन्यातून एकदा विमान घेऊन हैदराबादला जायला लागले. उस्ताद माझ्या शेजारी उभे राहायचे, रेडिओचा डबा कधी त्यांच्या हातात, कधी माझ्या. चार महिन्यांत मी दोनदा चाकं मोडली आणि एकदा पंख. दर वेळी घरी आणून जोडलं. विमान खरंच शरीफ होतं. मी घाबरून दांड्या सोडल्या की ते स्वतःच सरळ व्हायचं आणि मला विचार करायला वेळ द्यायचं.

पूर्णेला मी ते पहिल्यांदा उडवलं ते हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आधी. कर्णा लावला नव्हता. तरी तीसेक माणसं आली. मी चुन्यानं रेघ मारली आणि रेघेपुढं कुणी आलं तर इंजिन सुरू करणार नाही असं सांगितलं. काका आले होते. तेच लोकांना मागं सारत होते. दादानं डाव्या हातानं शेपूट धरली. मी पंखा दांडक्यानं फिरवला, चिमटा मागून काढला.

खोकं धावलं, उठलं आणि लोको शेडच्या धुराच्या वर गेलं. मी चार घिरट्या घातल्या. सगळे नुसते मान वर करून उभे होते. उतरवताना मी चुकले, ते मैदान ओलांडून नांगरलेल्या रानात गेलं आणि ढेकळांत नाक खुपसून थांबलं. पंखा मोडला. बाकी सगळं शाबूत. माय चप्पल न घालताच ढेकळांतून पळत गेली आणि विमान कडेवर घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात परभणीच्या एका साप्ताहिकात बातमी आली. कारकून भावाने बहिणीच्या मदतीने विमान उडवले. मी पाळी संपवून तशीच त्या संपादकाच्या छापखान्यात गेले. दादा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हणाले.

संपादक छपाईचे खिळे जुळवत होते. "ताई, तसं फार काही चुकलं नाही. घरातलीच गोष्ट."

"उडवलं मी. शिकले मी. निवडलं मी."

"पण वाचणाऱ्याला खरं वाटायला पाहिजे ना. बाईमाणूस, त्यात..."

"त्यात काय? बोला."

ते दुरुस्ती छापतो म्हणाले. पुढच्या अंकात ती आली, चौथ्या पानावर, गाड्यांच्या बदललेल्या वेळांच्या खाली, दोन ओळी. विमान बहिणीने उडवले, आणि ते खेळण्यातले होते.

मी पुन्हा गेले. या वेळी नवा पंखा बसवलेलं विमान घेऊन, रिक्षात, चादर न घालता. छापखान्याच्या दारात ठेवलं, रिक्षावाल्याला शेपूट धरायला लावली, मोठा सेल लावला आणि इंजिन सुरू केलं. आतले कागद उडाले, कंपोझिटर बाहेर पळत आले, समोरच्या हॉटेलातली माणसं रस्त्यावर आली. संपादकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि काहीतरी ओरडले, ते मला ऐकू आलं नाही. मी इंजिन पुरतं पाच मिनिटं चालू ठेवलं.